कोणती शाखा?

दहावीचा निकाल लागला, की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "आता कोणती शाखा?" मुलांनो, त्या दिवसाला तुम्हांला अजून काही वर्षांचा अवकाश आहे. म्हणूनच हा विषय आज तुमच्यापुढे मांडावासा वाटतो. निकालाच्या धांदलीत स्वस्थपणे विचार करण्यास सवड कोणाला असते?

ज्याला भरपूर गुण मिळाले त्याने विज्ञानाकडे जावे आणि ज्याला बेताचे मिळाले त्याने कलाशाखेकडे वळावे, अशी एक समजूत आपल्याकडे दृढ झाली आहे. जणू इतिहास आणि भाषा म्हणजे गणितात मागे पडलेल्यांसाठी बांधलेली धर्मशाळाच! ही समजूत मला सर्वस्वी चुकीची वाटते. ज्याला दोन्हींकडची ओढ आहे, त्याने दोन्हींकडचे विषय अवश्य घ्यावेत.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचेच उदाहरण पाहा. १९०७ साली गोव्यात जन्मलेले हे विद्वान पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. प्राचीन भारतातील चांदीच्या आहत नाण्यांचा, म्हणजे ठसे मारून तयार केलेल्या नाण्यांचा, त्यांनी अभ्यास आरंभिला. या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना वर्ष. मग आधीचे नाणे कोणते व नंतरचे कोणते, हे ओळखावे कसे? कोसंबींनी ती सरळ तराजूत घातली. नाणे हातोहाती फिरले म्हणजे झिजते, आणि जितके अधिक फिरावे तितके त्याचे वजन घटते. एखाददुसऱ्या नाण्यावरून काहीच कळत नाही, कारण मुळात सारी नाणी तंतोतंत सारखी नसतात. परंतु पुष्कळ नाणी तोलून संख्याशास्त्राचे नियम लावले, म्हणजे त्यांचा क्रम उलगडू लागतो. ही रीत पारखण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चालू नाणीही तोलून पाहिली! याच गृहस्थांनी शेकडो हस्तलिखिते ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध केली. त्यांना तुम्ही कोणत्या शाखेत बसवाल?

"सगळेच काही कोसंबी होत नाहीत," असे कोणी म्हणेल. खरे आहे. ज्याला डॉक्टर व्हावयाचे आहे, त्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांवाचून गत्यंतर नाही. पण त्यालाही भाषाविषय म्हणून मराठी किंवा संस्कृत घेता येते. आणि कलाशाखेतील विद्यार्थ्याला गणित घेता येते, हे तर पुष्कळ पालकांच्या गावीही नसते. अर्थशास्त्राची आवड असणाऱ्याला त्या गणिताचा केवढा उपयोग होतो!

कला आणि विज्ञान यांच्यामध्ये ताठर भिंत नसावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही म्हटले आहे. मात्र धोरणात भिंत पडली म्हणून वेळापत्रकातही ती पडतेच असे नाही. एखाद्या ठिकाणी दोन हवेसे विषय नेमके एकाच तासाला येतात. दुसऱ्या ठिकाणी शिक्षकच नसतात. तेव्हा प्रवेशापूर्वी महाविद्यालयात जाऊन विषयांची यादी आणि तासांचा तक्ता तुम्ही स्वतः वाचा. ते काम वडील मंडळींवर सोपवू नका.