भस्मासुर नव्हे

'फ्रँकेनस्टाईन' एकदाची वाचून झाली. नातीचं पुस्तक, इंग्रजी, शेजारी शब्दकोश. दीड महिना लागला! नारायण धारपांच्या कादंबऱ्या रात्री जागून वाचणारी आमची पिढी, त्यामुळे घाबरायच्या तयारीनंच बसले होते. भीती काही वाटली नाही. वाईट मात्र फार वाटलं.

आपल्याकडे फ्रँकेनस्टाईन म्हटलं की पाठोपाठ भस्मासुर येतो. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या लेखांत तर हमखास. मीही वर्गात तेच सांगत आले. आता वाटतं, साफ चुकीचं सांगितलं. मुळात ते त्या राक्षसाचं नावच नाही, त्याला घडवणाऱ्या विद्यार्थ्याचं आडनाव आहे. राक्षसाला अख्ख्या पुस्तकात नाव नाही. आणि भस्मासुरानं वर मागितला तो ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म व्हावा असा. यानं मागितली फक्त एक जोडीदारीण. तीही व्हिक्टरनं अर्धी घडवून त्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकली. त्याआधी, डोळे उघडलेल्या पहिल्या रात्रीच, व्हिक्टर त्याला सोडून पळाला होता. दोन वर्षं खपून जन्माला घातलं, आणि दिसायला ओंगळ निघालं म्हणून पळाला!

त्यानं पुढं खून केले, व्हिक्टरच्या लहान भावाचासुद्धा. त्याची बाजू घ्यायची नाही मला. पण मेरी शेलीनं हे लिहायला घेतलं ते 1816 साली, अठराव्या वर्षी. तिची आई तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच गेलेली, स्वतःचं पहिलं तान्हं बाळ आदल्या वर्षी गेलेलं. पोरकेपण तिला कुणी शिकवायला नको होतं.

सिनेमातला राक्षस नुसता गुरगुरतो. पुस्तकातला मात्र सुरेख बोलतो. बोलायला शिकतो कुठं, तर एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून. आत एका परदेशी मुलीला भाषा शिकवत असतात आणि हा फटीतून ऐकतो. रात्री त्या घरासाठी गुपचूप लाकडं आणून ठेवतो. शेवटी धीर करून आत जातो. आंधळा म्हातारा त्याच्याशी नीट बोलतो. डोळस मुलगा येतो आणि काठीनं झोडपतो.

इथं मी पुस्तक मिटलं. दोन दिवस उघडलं नाही.

चाकणला कारखान्यांची बांधकामं जोरात सुरू झाली, तेव्हा मी तिकडच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. मजुरांच्या झोपड्या शाळेमागेच. आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा रोज खिडकीच्या गजाला धरून उभा राहायचा. अंगावर सिमेंट, नाकाला शेंबूड. एकदा वर्गातला मुलगा कवितेत अडखळला, आणि पुढची ओळ खिडकीतून आली. खणखणीत. सगळा वर्ग हसला. मला वाटलं, माझ्या शिस्तीचं हसं झालं. मी "ए, चल पळ इथून" म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी उघडली, तो नव्हता. आठवड्याभरानं झोपड्याही हलल्या. तसं मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही.

नात विचारत होती, "आजी, कसं वाटलं पुस्तक?" तिला म्हटलं, इंग्रजी जड आहे गं. त्या पोराला मी नाव विचारलं नव्हतं.