साडीतली मरिया परकी नाही

चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांच्या चित्रांतील साडी नेसलेल्या मरियेमुळे, म्हणजे येशूच्या आईमुळे, बायबलचे मूळ रूप बिघडते, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे आहे. पण ज्या युरोपीय चित्रांना ते मूळ मानतात, ती तरी कुठे पॅलेस्टाइनची आहेत? फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठातील फ्रा आंजेलिकोच्या भित्तिचित्रात देवदूत मरियेला शुभवार्ता देतो तो इटालियन कमानींच्या ओवरीत. लिओनार्दोच्या ‘अंतिम भोजना’त शिष्य उंच मेजाशी बसले आहेत, पण येशूच्या काळी मेजवानीत आडवे रेलून जेवण्याची रीत होती. मरियेच्या झग्याचा मौल्यवान निळा रंगसुद्धा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा.

यावर कोणी म्हणेल, त्या चित्रकारांना इतिहास ठाऊक नव्हता, फोन्सेकांनी मात्र जाणूनबुजून बदल केला. पण आंजेलिकोने आपल्या मठासारखीच ओवरी रंगवली, ती प्रार्थना करणाऱ्या साधूला तो प्रसंग आपल्या अंगणातला वाटावा म्हणून. गोव्यात जन्मलेल्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलेल्या फोन्सेकांचा हेतूही तोच होता. चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांच्या परंपरेतले, एकावर एक पातळ थर चढवून रंगवलेले त्यांचे जलरंग या भक्तिभावाला शोभतात. जे स्वातंत्र्य फ्लॉरेन्सला दिले, ते गोव्याच्या चित्रकाराला नाकारणे हा अन्याय आहे.

— एक वाचक, आष्टी (जि. वर्धा)