सुटे भाग घेण्याआधी एक कागद घ्या

घरातला पहिला डेस्कटॉप सुटे भाग आणून स्वतः जोडायचा असं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. दुकानाची पायरी चढण्याआधी किंवा ऑनलाइन ऑर्डर टाकण्याआधी प्रत्येक भाग त्याच्या पूर्ण मॉडेल नंबरासकट कागदावर लिहून काढा, आणि ते एकमेकांशी जुळतात का हे त्या कागदावरच तपासा. जोडणी अवघड नाही. स्क्रू-ड्रायव्हर नीट धरता येणारा कुणीही ती सावकाश, एका दुपारी करू शकतो. पैसे वाया जातात ते निवडताना, आणि सील फोडलेला मदरबोर्ड परत घ्यायला बहुतेक दुकानं तयार नसतात.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर आपल्या तालुक्याच्या गावातल्या दुकानात, कोटेशन साधारण सारखंच मिळतं: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, कॅबिनेट एसएमपीएससह. असं कोटेशन अपुरं आहे. ‘आय७’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोअर आय७-३७७० हाही आय७च आहे, पण तो २०१२ सालचा. त्याला डीडीआर३ रॅम लागते, आणि विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या प्रोसेसरांच्या यादीत तो नाही. इंटेलच्या बाबतीत ती यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १०वर भागवावं, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे जुने प्रोसेसर नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये घालून स्वस्तात विकले जातात, आणि मुलाच्या कॉलेजसाठी पै-पै जमवणारे पालक ‘आय७’ ऐकून समाधानाने घरी येतात. म्हणून नंबर विचारा. नंबर सांगायला टाळाटाळ झाली तर दुसऱ्या दुकानात जा.

सुरुवात प्रोसेसरपासून करावी, कारण त्याच्यावरून बोर्ड ठरतो आणि बोर्डावरून रॅम. एएमडीचे एएम४ सॉकेटचे रायझन २०१७ पासूनचे; त्यांना डीडीआर४ लागते. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं. त्यावर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं सॉकेट एलजीए १७००. इथे मात्र जपून, कारण या सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४चे आहेत, काही डीडीआर५चे. अगदी एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या असतात आणि फरक फक्त नावाच्या शेपटीला लावलेल्या ‘डी४’ एवढाच. दोन्ही प्रकारच्या रॅमला पिना २८८च आणि लांबीही सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर लावला तर स्लॉट मोडतो.

‘बसलं म्हणजे चाललं’ हा समज मात्र सगळ्यात महागात पडतो, विशेषतः सेकंडहँड माल घेताना. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट एलजीए ११५१, आणि आठव्या-नवव्या पिढीचंही तेच. आठव्या पिढीचा प्रोसेसर सातव्या पिढीच्या बोर्डात अलगद बसतो, पंखा फिरतो, आणि डिस्प्ले काही येत नाही. त्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. नव्या मालातही याचाच एक प्रकार आहे. एएमडीचे बी६५० बोर्ड २०२२ पासून बाजारात आहेत, तर रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये आली. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, असेल तर तो नवा प्रोसेसर ओळखणार नाही. यावर उपाय सोपा आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडा आणि सीपीयू सपोर्ट लिस्ट बघा. तिथे प्रत्येक प्रोसेसरसमोर तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. घेतानाच दुकानदाराकडून बायोस अपडेट करून मागा. नाहीतर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड निवडा. त्यात प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येतो. या एका पानावर घालवलेली दहा मिनिटं मी सगळ्यात मोलाची मानतो.

नावापुढचं अक्षरही वाचा. इंटेलच्या नंबरापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही: कोअर आय५-१२४०० वर मॉनिटर थेट चालतो, १२४००एफवर वेगळं ग्राफिक कार्ड लागतंच. एएम४च्या रायझन ५ ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जीमध्ये आहे. ‘एफ’ थोडा स्वस्त मिळतो म्हणून तो घेतला आणि कार्ड पुढच्या वर्षी घेऊ म्हटलं, तर तोवर मशीन निरुपयोगी. ज्यांचं काम कोडिंग, टायपिंग, टॅली, ऑनलाइन शिकवणी एवढंच आहे त्यांनी ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा आणि कार्डाचे पैसे खुशाल वाचवावेत.

रॅमबद्दल थोडक्यात. एका १६ जीबीपेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्यांची जोडी बरी, कारण दोन्ही चॅनेल वापरले जातात. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालवायचं असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. जोडी एकाच पाकिटातली घ्या. आणि ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग चालू केल्याशिवाय त्या वेगाने चालत नाही, हे लक्षात असू द्या.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. याच्याबद्दल मी आग्रहाने बोलणार आहे, कारण आपल्याकडे लोक सगळ्यात जास्त काटकसर इथेच करतात. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा, अंगावर ‘४५० वॉट’ छापलेला डबा घेऊ नका. छापलेला आकडा आणि तो खरोखर देऊ शकतो ती वीज यांत फार अंतर असू शकतं, आणि तो गेला तर बोर्ड, कार्ड, डिस्क यांनाही घेऊन जाऊ शकतो. गावाकडे व्होल्टेज वर-खाली होतं, वीज जाते-येते. तिथे तर हा भाग चांगलाच हवा. किती वॉटचा? आरटीएक्स ४०६० हे कार्ड स्वतः ११५ वॉट घेतं, आणि एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कार्डाच्या पानावर असा आकडा दिलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नका. ८० प्लसचा शिक्का बघाच, पण तो विजेची नासाडी किती होते एवढंच सांगतो; आतल्या संरक्षणाची हमी त्यातून मिळत नाही. कंपनी माहितीतली असावी आणि वॉरंटी निदान पाच वर्षांची असावी.

एसएमपीएसच्या केबलींबद्दल दोन गोष्टी. प्रोसेसरची आठ पिनांची केबल चार-चारमध्ये सुटते, कार्डाची सहा-दोनमध्ये. दोन्ही सारख्या दिसतात, पण एकीच्या जागी दुसरी लावायची नसते. आणि सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल त्यात कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि डिस्क एका क्षणात जळू शकते.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांत गल्लत करू नका. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यात मॉनिटरही आला. आणि घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या. मशीनइतकीच ही माणसांच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे.

कॅबिनेटसाठी तीन मापं पुरतात: बोर्डाचा आकार, ग्राफिक कार्डाची लांबी आणि कूलरची उंची. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर असतो, तो मायक्रो एटीएक्सच्या छोट्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. एसएसडी घेताना एम.२ एवढंच न बघता ती एनव्हीएमई आहे की साटा हे वाचा, कारण काही स्लॉट फक्त एनव्हीएमई चालवतात. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो; जुनी हार्ड डिस्कही लावायची असेल तर मॅन्युअलमधली ती टीप शोधा.

शेवटी बिल. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नका. वर्षभराने रॅम किंवा बोर्ड बिघडला की सर्व्हिस सेंटर पक्कं बिल मागतं, आणि त्यावर सिरियल नंबर असेल तर वाद उरत नाही. प्रोसेसर बॉक्समधला घ्या. खोक्याशिवाय मिळणाऱ्या ट्रे प्रोसेसरला इंटेल ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही, जी काही हमी असते ती विकणाऱ्याची.

हे सगळं लिहिलेला कागद जाणत्या एखाद्याला दाखवा: कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना, आधी मशीन जोडलेल्या मित्राला, शेजारच्या ताईला. विचारण्यात कमीपणा नाही. आणि दुकानात कुणी ‘हा बोर्ड संपलाय, त्याच्याच तोडीचा दुसरा देतो’ म्हणालं, तर त्याच दिवशी पैसे देऊ नका. घरी या, नव्या बोर्डाची सपोर्ट लिस्ट उघडा, आपला प्रोसेसर त्यात सापडला तरच दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या.