पाडण्याचा अधिकार आणि परतण्याची हमी

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महानगरपालिका अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. म्हाडाचे इमारत दुरुस्ती मंडळ उपकरप्राप्त इमारतींची आपली यादी निराळी काढते. ठाणे, भिवंडी येथील पालिकाही याच सुमारास नोटिसा काढतात, भिंतींवर इशाऱ्याचे फलक लावतात. पाऊस सरला की यादी दप्तरात जाते. मधल्या काळात एखादी इमारत कोसळलीच, तर चौकशी होते, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते आणि ‘पालिकेने नोटीस दिली होती’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते बहुधा खरेही असते. नोटीस देऊनही माणसे त्याच घरात का मरतात, हा खरा प्रश्न आहे.

पालिकांना अधिकार कमी आहेत, असे म्हणता येणार नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५४ अन्वये पडीक वा कोसळण्याच्या बेतात असलेली इमारत पाडण्याचा, सावरण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा आदेश आयुक्त मालकाला अथवा भोगवटादाराला देऊ शकतात. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६४ ने राज्यातील इतर महानगरपालिकांना आणि १९६५ च्या अधिनियमाने नगरपालिकांना जवळपास असेच अधिकार दिले आहेत. मालकाने आदेश पाळला नाही, तर पालिकेने ते काम स्वतः करून खर्च वसूल करावा, अशीही तरतूद आहे. रहिवासी हलत नसल्यास पोलिसांचे साहाय्य घेता येते. पाणी आणि वीज तोडता येते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या पुस्तकात असलेला हा अधिकार प्रत्यक्षात लंगडा का ठरतो, याचे उत्तर अर्थकारणात शोधावे लागेल.

प्रथम मालकाचा हिशेब पाहावा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा बंदोबस्त अर्धशतक टिकला. १९९९ च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली, तरी मूळ रक्कमच इतकी क्षुल्लक की, त्या वाढीतून जिन्याच्या कठड्याचीही डागडुजी होऊ नये. अशा स्थितीत मालक दुरुस्तीवर पैसा घालीत नाही. उलट, इमारत जितकी लवकर ‘धोकादायक’ ठरेल तितकी भूखंड मोकळा होण्याची आशा वाढते.

भाडेकरूचा हिशेबही तितकाच सरळ आहे. त्याने किंवा त्याच्या वडिलांनी पागडी मोजून खोली घेतलेली असते. कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी त्या दीड-दोनशे चौरस फुटांत अडकलेली असते. बाहेर पडल्यावर दूरच्या उपनगरातील संक्रमण शिबिर वाट्याला येते, आणि अशा शिबिरांत तात्पुरते म्हणून गेलेल्या कुटुंबांची पुढची पिढी तेथेच वाढल्याची उदाहरणे त्याने शेजारीपाजारी पाहिलेली असतात. छत कोसळण्याची शक्यता त्याला दिसत नाही असे नव्हे. परंतु घर कायमचे जाण्याची शक्यता त्याला अधिक निश्चित वाटते. त्याच्या या हट्टाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही.

राहता राहिली पालिका. इमारत बळाने रिकामी करावी तर पर्यायी निवारा देण्याचा भार अंगावर येतो, न्यायालयात खेटे घालावे लागतात, लोकप्रतिनिधींचा रोष ओढवतो. नोटीस देऊन थांबले तर कागदोपत्री जबाबदारी पार पडते. त्यातच मालकाचा अभियंता इमारत पाडण्यायोग्य म्हणतो आणि रहिवाशांचा अभियंता ती दुरुस्त होईल म्हणतो. दोन अहवालांचा निवाडा तांत्रिक सल्लागार समितीकडे जातो आणि तोवर आणखी एक पावसाळा उलटतो.

तिघेही आपापल्या परीने शहाणपणाने वागतात आणि त्या शहाणपणाची बेरीज ढिगाऱ्यात होते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले. ती धोकादायक असल्याची नोंद आधीच झालेली होती. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीतील जिलानी इमारतीने ३५ हून अधिक बळी घेतले. सर्वांत बोलके उदाहरण २७ सप्टेंबर २०१३ चे आहे. त्या दिवशी माझगाव येथील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसे दगावली. ही इमारत खुद्द महानगरपालिकेची होती आणि तीत पालिकेचेच कर्मचारी सहकुटुंब राहत होते. तेथे ना भाडेनियंत्रणाची सबब होती, ना हटवादी मालकाची. देखभालीचे दायित्व कोणा एकाच्या गळ्यात निश्चित पडत नसेल, तर सरकारी इमारतही वाचत नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा होय.

कायदा या दिशेने अगदीच हललेला नाही. इमारत पालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क त्यामुळे संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. घरे रिकामी करण्यापूर्वी भोगवटादारांची नावे व क्षेत्रफळ नोंदवून ठेवण्याचे बंधनही पालिकेवर आहे. परंतु निकालपत्रातला हक्क आणि हातातला कागद यांत अंतर असते. म्हणून नोटिशीबरोबरच प्रत्येक कुटुंबाला मोजलेल्या क्षेत्रफळाचा, पालिकेच्या सहीशिक्क्याचा दाखला मिळाला पाहिजे. अभियंत्याची निवड मालकाने वा भाडेकरूने न करता पालिकेच्या नामिकेतून व्हावी, अहवाल इमारतीच्या दारावर लावला जावा आणि आक्षेपांचा निकाल ठरावीक दिवसांत लागावा. पर्यायी निवारा त्याच विभागात द्यावा. ते अशक्य असेल तर पुनर्बांधणी होईतो भाड्याची रक्कम द्यावी. यादीत पालिकेच्या स्वतःच्या इमारतींचा क्रम पहिला असावा.

यासाठी पैसा लागेल, हे उघड आहे. आजवर शासनाने सारी भिस्त वाढीव चटईक्षेत्रावर ठेवली. विकासकाने जादा सदनिका विकाव्यात आणि त्या नफ्यातून जुन्या रहिवाशांना घरे द्यावीत, हे गणित दक्षिण मुंबईत कसेबसे जमते; जमिनीला तसा भाव नसलेल्या भिवंडीत वा महाडात ते जमत नाही. तेथे विकासक फिरकतच नाही. तेव्हा भाड्यात रास्त वाढ करून ती वाढ मालकाच्या खिशात न जाता इमारतीच्या स्वतंत्र दुरुस्ती खात्यात जमा व्हावी, गरीब भाडेकरूंच्या वाट्याचा भार शासनाने उचलावा आणि मालमत्ता कराचा निश्चित हिस्सा निवाऱ्याच्या तरतुदीसाठी राखून ठेवावा. भाडेवाढीला भाडेकरू विरोध करतील आणि खात्यावरील नियंत्रणाला मालक; परंतु आजच्या स्वस्ताईची खरी किंमत वेळीच न दिलेल्या भाड्याच्या कितीतरी पट असते आणि ती अखेर रहिवासीच मोजतात.

इमारत पाडण्याचा अधिकार हा मुळात माणसांचे प्राण वाचविण्यासाठी दिलेला आहे. घराबाहेर पडणाऱ्याला परत येण्याची खात्री देण्याची तयारी नसेल, तर तो अधिकार बजावलाच जाणार नाही, किंवा बजावला गेलाच तर दुबळ्यांवर. पुढील पावसाळ्याची यादी छापण्यापूर्वी पालिकांनी आणि शासनाने त्या यादीसोबत कोणता भरवसा देणार, हे आधी सांगावे.