जोडीतली दुसरी

बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ मध्ये इंचॉनच्या एशियाडमध्ये सानिया मिर्झाच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा ती २० वर्षांची होती. महिला दुहेरीची उपांत्य फेरी. समोर चिनी तैपेईच्या सिए सू-वेई आणि चॅन चिन-वेई. सिए त्याच वर्षी दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचली होती. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा आपल्या पोरींनी ६-२ असा खेचून आणला आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळायच्या दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये ४-१० नं घात झाला. एशियाडच्या टेनिसमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्य देतात. म्हणून पदक आलं.

त्याच स्पर्धेत सानियानं साकेत मायनेनीसोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं आणि मथळे तिकडे गेले, ते साहजिकच होतं. पण आजही त्या कांस्याची आठवण काढली, तर ते ‘सानियाचं पदक’ म्हणूनच आठवतं. सोलापूर जिल्ह्यातली एक मुलगी त्या पदकाची निम्मी धनी आहे, हे आठवायला आपल्याला क्षणभर थांबावं लागतं. मला आज लिहायचंय ते या दुसऱ्या नावाबद्दल. एशियाड किंवा ऑलिम्पिकमध्ये देश कुठवर जाणार, हे बहुतेक वेळा तेच नाव ठरवतं.

टेनिसच्या टूरवर जोडीदार बाजारातून निवडता येतो. सानियानं मार्टिना हिंगिसला निवडलं आणि दोघींनी २०१५ चं विम्बल्डन, त्याच वर्षीची यूएस ओपन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. सलग ४१ सामने त्या हरल्या नाहीत. एक भारताची, एक स्वित्झर्लंडची. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पण छातीवर झेंडा आला की हा बाजार बंद होतो. मग जोडीदार आपल्याच देशात शोधावी लागते, आणि घरात काय शिल्लक आहे ते सगळ्यांना दिसतं.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ते लख्ख दिसलं. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली. पहिल्या दहांतल्या खेळाडूला आपल्या देशातली जोडीदार सोबत नेता येते, त्या नियमानं प्रार्थनाला जागा मिळाली. तिचा क्रमांक होता दोनशेच्या आसपास. पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई आल्या. यातली पेंग म्हणजे सिएची टूरवरची जोडीदार. दोघींनी मिळून २०१३ चं विम्बल्डन आणि २०१४ ची फ्रेंच ओपन जिंकली होती. म्हणजे जगातल्या एका अव्वल जोडीतली एक प्रार्थनाला इंचॉनमध्ये भेटली आणि दुसरी रिओत! सामना ६-७, ७-५, ५-७ असा गेला. २ तास ४४ मिनिटं. दोनशेच्या आसपासची पोरगी एवढा वेळ तग धरून राहिली, याचं कौतुक त्या रात्री फार झालं नाही.

आता त्याच रिओतला पुढचा हिशेब बघा. सानिया-हिंगिस जोडी त्याच सुमारास फुटली होती. हिंगिस तिमिया बाकसिन्स्कीसोबत स्वित्झर्लंडसाठी खेळली आणि रौप्य घेऊन गेली. ऑलिम्पिकमधलं टेनिस संपताच सानियानं सिनसिनाटीत झेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा स्ट्रायकोव्हासोबत खेळायला सुरुवात केली, आणि या स्ट्रायकोव्हानं रिओत ल्युसी साफारोव्हासोबत कांस्य मिळवलं होतं. आधीच्या जोडीदाराला रौप्य, नंतरच्या जोडीदाराला कांस्य आणि जगात पहिली असलेली सानिया महिला दुहेरीत पहिल्याच फेरीत बाहेर. खेळ कुणाचाच कमी नव्हता. फरक होता तो घरात दुसरी कोण आहे याचा.

दुहेरी खेळलेल्यांना यातली खोच लगेच कळेल. समोरची जोडी पहिल्या दोन गेममध्येच हेरते की चेंडू कुणाकडे टाकायचा. मग फटका तिच्याकडे, लॉब तिच्या डोक्यावरून, नेटवर असली तर अंगावर. बलवान खेळाडू उभी राहून बघते आणि दुबळी खेळाडू सामना खेळते, असं दुहेरीचं उफराटं गणित आहे. यावर उपाय एकच: एकमेकींची इतकी सवय हवी की मधला चेंडू कुणाचा, हे विचारायला लागू नये. सर्व्हिस करणारीनं चेंडू बाहेरच्या बाजूला टाकला की नेटवरची कुठे सरकणार, पाठीमागं धरलेल्या हाताच्या खुणेचा अर्थ काय, पहिली सर्व्हिस चुकली तर बेत बदलायचा की तोच ठेवायचा. हे शिबिरातल्या पंधरा दिवसांत येत नाही. त्याला मोसमामागून मोसम लागतात.

आणि आपण नेमकी तीच मुदत देत नाही. सानियाचे ऑलिम्पिकमधले महिला दुहेरीचे जोडीदार मोजा: २००८ मध्ये बीजिंगला सुनीता राव, २०१२ मध्ये लंडनला रश्मी चक्रवर्ती, रिओत प्रार्थना, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियोत अंकिता रैना. चार ऑलिम्पिक, चार जोडीदार, पदक एकही नाही. टोकियोत तर पहिला सेट ६-० जिंकूनही सामना ८-१० च्या सुपर टायब्रेकमध्ये निसटला. समोर होत्या युक्रेनच्या किचेनोक भगिनी, जुळ्या. एका घरात, एका कोर्टवर वाढलेल्या. महिला दुहेरीत तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकणाऱ्या सेरेना आणि व्हीनस विल्यम्सही बहिणीच, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

बहिणी सगळ्यांना मिळत नाहीत, पण जोडी घडवता येते. चीननं ते करून दाखवलं. एकेरीत पाश्चात्त्यांना गाठायला वेळ लागणार हे ओळखून त्यांनी मुलींच्या जोड्या बांधल्या आणि त्या बरोबर ठेवल्या. २००४ मध्ये अथेन्सला ली टिंग आणि सुन तियानतियान या जोडीनं थेट सुवर्ण नेलं. २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्ण मिळवणाऱ्या इटलीच्या सारा एरानी आणि जास्मिन पाओलिनी त्या वर्षी टूरवरही एकत्र खेळत होत्या, फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या होत्या. पॅरिसच्या त्या टेनिस स्पर्धेत भारताची एकही महिला नव्हती.

आता जरा आपल्या नागपुराकडे. रामनगरच्या टेनिस कोर्टांकडे सकाळी चक्कर मारा. उन्हाळ्यात तर सहाच्या आतच पोरं रॅकेट घेऊन हजर असतात, कारण नऊनंतर कोर्टवर पाय ठेववत नाही. जाळीबाहेर पालक उभे असतात. त्यांच्यात दुहेरीचा विषय काढला की सूर एकच: डबल्सनं काय होते जी, सिंगल्समध्ये रँक आली पाहिजे. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही, कारण ते नियमच वाचून बोलतात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ज्युनिअर क्रमवारीत एकेरीच्या सर्वोत्तम सहा स्पर्धांचे गुण पूर्ण धरतात आणि दुहेरीच्या सहा सर्वोत्तम निकालांचे फक्त पाव. रुपयात चार आणे! पुढे व्यावसायिक टेनिसमध्ये शिरल्यावरही तीच गत. १५ हजार डॉलरच्या सर्वांत खालच्या दर्जाच्या स्पर्धेत दुहेरी जिंकणाऱ्या दोघींना मिळून हजार डॉलरही हाती येत नाहीत. विमानाचं तिकीट आणि हॉटेल मात्र दोघींना पूर्ण भावानं.

नागपूरचा स्वभावही एकट्यानं लढायचा. दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, मालविका बन्सोडनं २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं. दोघींचा अभिमान आहेच. पण दिव्यानं आधीच्या वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघासोबतही सुवर्ण जिंकलं होतं, हे विसरू नये. तिथं चार पटांवर चौघी लागतात आणि आपल्याकडे त्या होत्या. टेनिसमध्ये आपल्याला दोघी जुळवता जुळवता दशकं गेली.

गुणवत्ता नाही म्हणावं, तर तसंही नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णाच्या साथीनं मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ असा गमावल्यावर ६-३, १०-४ नं सामना फिरवला. ऋतुजा श्रीरामपूरची, प्रार्थना बार्शीची. मुंबई-पुण्याबाहेरच्या दोन गावांतून दोन आंतरराष्ट्रीय दुहेरीच्या खेळाडू आल्या. म्हणजे माती आहे, मशागत कमी पडते.

मशागतीला फार पैसाही लागत नाही. जिल्हा स्पर्धेत दुहेरी उरकून टाकायचा प्रघात आधी बंद करावा. एकेरीत बाहेर पडलेल्या दोघींना ऐनवेळी जोडून नाव घालायचं, ही जोडी नव्हे. चौदा-पंधरा वर्षांच्या दोन मुली निवडाव्यात, त्यांना किमान दोन वर्षं एकत्र खेळवावं, राज्य संघटनेनं त्यांचा प्रवासखर्च जोडीला म्हणून द्यावा आणि बक्षीस समारंभात दुहेरीचा करंडक एकेरीच्या आधी नाही, नंतर द्यावा, म्हणजे लोक थांबतील. पुढचं एशियाड २०२६ मध्ये जपानमध्ये आयची-नागोयाला आहे. आज दुहेरी खेळायला लागलेल्या मुली त्या वेळेस तयार होणार नाहीत. त्यानंतरच्या एशियाडला मात्र होऊ शकतात, जर त्यांचे पालक आणि प्रशिक्षक मुलीच्या क्रमांकाबरोबरच तिच्या जोडीदाराचीही आजपासून चौकशी करू लागले तर.