ईटच्या उन्हात चालणारा लॅपटॉप

जुन्या यंत्राबद्दल कुणी आपुलकीने बोललं की 'स्मरणरंजन' म्हणून त्याला निकालात काढणं सोपं असतं. एक्सओ या हिरव्या-पांढऱ्या, कानांसारखे अँटेना असलेल्या लॅपटॉपचा विषय मी काढला की ऑफिसातले सहकारी हेच करतात. "ते शंभर डॉलरवालं खेळणं? ते तर फसलं ना!" माझं भांडण या वाक्याशी आहे.

फसलं ते काय, हे आधी मान्य करू. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही एमआयटीच्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांची योजना. शंभर डॉलरला मिळणार म्हणून गाजलेलं यंत्र प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेलं. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली योजनेला नकार दिला. पेरूने लाखो लॅपटॉप वाटले. २०१२च्या अभ्यासात मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. महाराष्ट्रात २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, धनगरवाड्यावरच्या एका छोट्या शाळेत प्रयोग झाला, पण तो राज्यभर पसरला नाही. नुसती यंत्रं वाटून शिक्षण होत नाही, हा धडा बरोबरच आहे.

पण योजनेबरोबर आपण यंत्रही मोडीत काढलं. त्या वर्षी मी भूम तालुक्यातल्या ईटला प्राथमिक शाळेत होतो. लोडशेडिंग इतकं, की वीज कधी जाणार यापेक्षा कधी येणार हे लोक लक्षात ठेवत. वर ऊन आणि घराघरात काळ्या रानाची धूळ. आता एक्सओची रचना पाहा. मागचा दिवा बंद केला की त्याचा पडदा भर उन्हात कागदासारखा, काळा-पांढरा वाचता येतो. कीबोर्ड सलग रबराचा, म्हणजे फटीतून धूळ जायला जागा नाही. आत पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही. वीज इतकी कमी लागते, की १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवरही तो चालतो. उघडायला साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो आणि हरवले तर म्हणून जादा स्क्रू हँडलमध्येच ठेवलेले असतात. हे सगळं आमच्यासारख्या गावाची अडचण समोर ठेवूनच केलेलं होतं.

याउलट, इंजिनिअरिंगला असताना घेतलेल्या माझ्या लॅपटॉपची बॅटरी आत चिकटवलेली आणि मेमरी बोर्डावरच डाखलेली होती. चार्जिंगचा एक भाग बिघडला तर सर्व्हिस सेंटरने अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगितला. ईटच्या अंगणात तर त्याच्या पडद्यात स्वतःचं तोंड तेवढं दिसायचं. हे यंत्र एसी खोलीत, अखंड विजेवर बसलेल्या माणसासाठी घडवलं होतं. गावाला तेच विकलं गेलं.

यावर आक्षेप ठरलेला: ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी, त्यावर आजची वेबसाइट उघडेल का? धड उघडणार नाही. पण चार परिच्छेदांची बातमी दाखवायला शेकडो एमबी लागतात, याचा जाब बातमीच्या पानाला विचारायला हवा. हा धंदा मी रोज आतून पाहतो. त्यातलं बरंचसं ओझं जाहिरातींचं आणि पाळतीचं असतं. लिहिणं, वाचणं, प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे यांना तेवढी ताकद लागत नाही. एक्सओवर तर चालू प्रोग्रॅमचा कोड पाहण्यासाठी वेगळी कळ दिलेली होती. यंत्र आतून कसं चालतं हे मुलाला कळावं, असा तो हेतू होता. आजचे टॅब मुलाला फक्त गिऱ्हाईक समजतात.

म्हणून या लॅपटॉपची ओढ मागे वळून पाहण्याची नाही. तिच्यात एक मागणी आहे आणि ती अजून पुरी झालेली नाही. यापुढे कोणतंही सरकार शाळांसाठी टॅब घ्यायला निघालं, की निविदेत चार अटी घालाव्यात. पडदा उन्हात वाचता आला पाहिजे. बॅटरी गावात बदलता आली पाहिजे. सुटे भाग पाच वर्षं मिळाले पाहिजेत. आणि यंत्र १२ व्होल्टवर चालायला हवं. 'हे परवडत नाही' असं म्हणणाऱ्या कंपनीला २००७ सालचा हिरवा लॅपटॉप दाखवावा.