गाण्यातला ‘मी’ कोणाचा?

रेमो फर्नांडिस यांचे नाव मराठीच्या वर्गात काढले की आमचे काही सहकारी हसतात. तेरेखोलची खाडी ओलांडली की त्यांचा गोवा; पण गाणे इंग्रजी, त्यातून रॉक, म्हणजे आपला विषय नव्हे! आम्हांस मात्र १९८४ सालची त्यांची ‘गोअन क्रेझी’ साहित्याच्या अभ्यासकाने ऐकावी अशी वाटते. पूर्वी बँडमध्ये वाजविणाऱ्या या कलावंताने ती शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने ध्वनिमुद्रित केली. शब्द, चाल, आवाज, वाद्ये त्यांचीच. स्कूटरवरून कॅसेटी दुकानांत पोचविल्या त्याही त्यांनीच.

आपल्या भावगीतात कवी, संगीतकार, गायक बहुधा निरनिराळे. वेंगुर्ल्याच्या आरती प्रभूंची व्याकुळता घरोघरी गेली ती हृदयनाथांच्या चालींतून, लता-आशांच्या गळ्यांतून. त्याने गाण्याचे मोल घटत नाही. पण तिथला ‘मी’ नेमका कोणाचा, हे आपण वर्गात विचारतच नाही. रेमोंच्या ‘मी’ला मात्र लपायला दुसऱ्याचा गळा नाही.

पुढच्या सत्रात दोन्हीकडची गाणी आधी ऐकवायची आणि कवितेचा कागद मागाहून वाटायचा, असे आम्ही ठरविले आहे.